तिथी, नावं आणि आठवणी: श्राद्ध-पुण्यतिथीसाठी संगणक कसा वापरावा

आई किंवा वडील गेल्यावर पहिलं वर्ष बहुतेक घरांत गुरुजींच्या आणि वडीलधाऱ्यांच्या भरवशावर पार पडतं. दहावं, बारावं, तेरावं कधी ते कोणीतरी सांगतं. मासिक श्राद्धांच्या तारखा गुरुजी कागदावर लिहून देतात. अडचण दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. तो कागद सापडत नाही, गुरुजींनी गाव सोडलेलं असतं, मोठा भाऊ न्यू जर्सीत आणि बहीण नाशकात असते, आणि श्राद्ध तीन दिवसांवर आलंय हे कोणाच्या तरी अचानक लक्षात येतं. मग संकल्पाच्या वेळी गुरुजी पणजीचं नाव विचारतात आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

फोन आणि संगणक नीट वापरला तर यातलं बरंच टाळता येतं. माझं म्हणणं साधं आहे. तिथी काढणं, नावं जपणं आणि लांबची माणसं जोडणं ही तीन कामं सॉफ्टवेअरकडे द्या, आणि तीही आधीच उरकून ठेवा. दर्भ, तीळ, पाणी, पान वाढणं ही हाताची कामं आहेत. त्या दिवशी मन आणि हात त्यांच्यासाठी मोकळे राहिले पाहिजेत. ज्या घरांत पुण्यतिथी इंग्रजी तारखेने पाळतात, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो किंवा चर्चमध्ये मिस्सा सांगतात, त्यांनी तिथीचा भाग सोडून द्यावा. बाकीचं त्यांच्याही उपयोगाचं आहे.

आधी वेळ लिहून ठेवा

श्राद्धाची तिथी ठरते ती मृत्यूच्या क्षणी चालू असलेल्या तिथीवरून. त्यामुळे नुसती तारीख पुरत नाही. वेळ आणि गावही हवं. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ असेलच असं नाही. दवाखान्याच्या कागदावर वेळ बहुधा मिळते, म्हणून तो कागद फाइलमध्ये जाण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

हे का, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा एखाद्या घरातली आजी ७ सप्टेंबर २०२४ ला रात्री आठ वाजता पुण्यात गेली. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. घरातले सगळे आयुष्यभर "आजी गणेश चतुर्थीला गेली" असंच म्हणणार. पण त्या दिवशी चतुर्थी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपली होती. रात्री आठला पंचमी चालू होती. म्हणजे आजीची श्राद्धतिथी भाद्रपद शुद्ध पंचमी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी सूर्योदयाची असते, ती दिवसभर टिकेलच असं नाही.

तिथी काढणे

यासाठी दोन साधनं पुरतात. द्रिक पंचांग हे संकेतस्थळ आणि ॲप मराठीत चालतं. गाव निवडून मागची तारीख टाकली की तिथी किती वाजता संपली ते दिसतं. विंडोजचा संगणक असेल तर पी.व्ही.आर. नरसिंह राव यांचं 'जगन्नाथ होरा' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात तारीख, वेळ, गाव भरलं की त्या क्षणाची तिथी समोर येते. ते जातकासाठी, म्हणजे जन्मकुंडलीसाठी केलेलं असल्यामुळे पडद्यावर पुष्कळ कोष्टकं दिसतील. तुम्हाला फक्त तिथीची ओळ हवी आहे, बाकीकडे बघू नका.

आता दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे महिना. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात एका महिन्याचा फरक पडतो. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्यात येतो, तोच पंधरवडा काशीच्या पंचांगात आश्विन कृष्ण असतो. द्रिक पंचांगात रोजच्या पानावर दोन्ही नावं लिहिलेली असतात, 'अमांत' आणि 'पूर्णिमांत' अशी. आपण 'अमांत'पुढचं नाव घ्यायचं. वद्य पक्षातल्या तिथीची नोंद करताना कंसात 'अमांत' असं लिहूनच ठेवा. वीस वर्षांनी नातू लखनौला राहत असेल, तर तो चुकीच्या महिन्यात श्राद्ध करणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक मास. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्या काळात कोणी गेलं असेल तर नोंदीत 'अधिक' हा शब्द आलाच पाहिजे. सर्वसाधारण रीत अशी की दरवर्षीचं श्राद्ध त्याच नावाच्या निज, म्हणजे अधिक नसलेल्या महिन्यात होतं, आणि तोच महिना पुन्हा अधिक आला तर त्या अधिकात. पहिलं वर्ष पुरं होण्याआधी मध्ये अधिक मास आला तर मात्र हिशेब स्वतः करू नका, गुरुजींना विचारा. दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांचं गणितही काही वर्षी वेगळं पडतं. घरात जे पंचांग चालत आलंय त्याचं नाव नोंदीत असू द्या आणि तेच कायम ठेवा.

फार जुन्या मृत्यूंची तिथी काढायची असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात भारतात घड्याळं एक तास पुढे होती. पणजोबांच्या वहीत त्या काळातली वेळ सापडली, तर सॉफ्टवेअरने तो तास धरलाय का ते पाहून घ्या. तिथी बदलायच्या सुमाराची वेळ असेल तरच याने फरक पडतो.

दरवर्षीची तारीख

इथे नवखे लोक फसतात. फोनच्या कॅलेंडरमध्ये 'दरवर्षी पुन्हा' असं टाकून मोकळे होतात, आणि फोन बिचारा इंग्रजी तारीखच धरून बसतो. सर्वपित्री अमावास्या कशी सरकते बघा: २०२३ मध्ये १४ ऑक्टोबर, २०२४ मध्ये २ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २१ सप्टेंबर, २०२६ मध्ये १० ऑक्टोबर. साधारण अकरा दिवस मागे जात राहायचं आणि अधिक मास आला की एकदम पुढे यायचं, ही तिची चाल. म्हणून प्रत्येक वर्षाची नोंद वेगळी टाकावी लागते. एका बैठकीत पुढच्या पाच वर्षांच्या तारखा काढून टाका, तासाभराचं काम आहे.

तारीख ठरवताना मात्र सूर्योदयाची तिथी पाहू नका. वार्षिक श्राद्धाला अपराह्णकाळी असलेली तिथी लागते. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच समान भाग करा, त्यातला चौथा भाग म्हणजे अपराह्ण. एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये हे सहज होतं. एका रकान्यात सूर्योदय, दुसऱ्यात सूर्यास्त. दोघांच्या फरकाचे तीन पंचमांश सूर्योदयात मिळवले की अपराह्ण सुरू, चार पंचमांश मिळवले की संपला. सप्टेंबरच्या मध्यावर पुण्यात तो साधारण पावणेदोन ते सव्वाचार असा येतो.

आता त्या आजीची पंचमी घेऊ. २०२६ मध्ये पंचमी १५ सप्टेंबरला सकाळी पावणेआठच्या सुमारास लागते आणि १६ ला सकाळी संपते. सूर्योदयाची तिथी बघणारा माणूस १६ तारीख धरेल. पण १६ च्या दुपारी पंचमी नाही, ती १५ च्या दुपारी आहे. श्राद्ध १५ ला.

परदेशातल्या मंडळींसाठी हाच हिशेब त्यांच्या गावाचा करायचा. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी बदलते, कारण ती चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर चालते, दर बारा अंशांना एक. घड्याळ मात्र जागोजागी वेगळं. २०२५ ची पंचमी भारतात २७ ऑगस्टला दुपारी पावणेचारला लागली आणि २८ ला संध्याकाळी सहाच्या आत संपली. पुण्यात २७ च्या अपराह्णाला तिने शेवटी जेमतेम स्पर्श केला, २८ चा मात्र पूर्ण व्यापला, म्हणून पुण्याचं श्राद्ध २८ ला. न्यू जर्सीच्या घड्याळात तीच पंचमी २७ ला सकाळी सव्वासहाला लागून २८ ला सकाळी साडेआठच्या आत संपली. तिथला भाऊ स्वतः श्राद्ध करत असेल तर त्याचा दिवस २७ ऑगस्ट. दोघंही बरोबर आहेत. यावरून घराघरांत होणारे वाद मी ऐकले आहेत, आणि प्रत्येक वेळी ॲपमध्ये गाव कोणतं निवडलंय एवढाच प्रश्न असतो. दोन्ही दिवशी तिथी अपराह्णाला सारखीच शिवत असेल किंवा कुठेच शिवत नसेल, तर निर्णय गुरुजींचा.

गुगल कॅलेंडरमध्ये नोंद 'दिवसभर' या प्रकारची करा. वेळ घातली तर परदेशातल्या फोनवर ती सरकून आदल्या दिवशी दिसू शकते. आठवण चार आठवडे आधीची आणि एक आठवडा आधीची अशा दोन ठेवा. पहिली गुरुजींना सांगण्यासाठी, दुसरी सामानासाठी. तिथी माहीतच नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. पतीच्या आधी गेलेल्या सवाष्णीसाठी भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी. तीही कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

नावांची वही

सगळ्यात जास्त जीव लावून करायचं काम हे. तिथी पंचांगातून पुन्हा काढता येते. पणजीचं नाव सांगणारी आत्या गेली की ते नाव कायमचं गेलं.

श्राद्धाच्या संकल्पात वडील-आजोबा-पणजोबा, आई-आजी-पणजी, आणि आईच्या माहेरचे तीन पुरुष सपत्नीक, अशी नावं लागतात. महालयात, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धात, तर काका, मामा, आत्या, मावश्या, सासू-सासरे, गुरू, स्नेही असे सगळेच येतात. एक शीट उघडा. रकाने असे: संकल्पात घ्यायचं नाव, घरात हाक मारायचे ते नाव, नातं, गोत्र, मृत्यूची तारीख-वेळ-गाव, मास-पक्ष-तिथी, आणि ही माहिती कोणी सांगितली. शेवटचा रकाना गाळू नका. दोन काकांनी दोन नावं सांगितली तर पुढे कोणाला विचारायचं ते त्यावरून कळतं.

बायकांच्या नावांसाठी दोन रकाने ठेवा, माहेरचं आणि सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत होती. माहेरची मंडळी गंगू म्हणायची आणि सासरच्या कागदांत ती लक्ष्मीबाई असायची. कित्येक घरांत पुरुषांची सात पिढ्यांची वंशावळ मिळते, आणि त्यांच्या बायकांच्या जागी नुसतं 'प्रथम पत्नी' लिहिलेलं असतं. ज्या बाईने घर चालवलं तिला तिलोदक, म्हणजे तिळाचं पाणी, देताना तिचं नाव घेता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आजपासून विचारायला लागा. फोन करा, रेकॉर्डिंग चालू असल्याचं सांगा आणि म्हाताऱ्या माणसाला बोलू द्या. "तुमच्या आजीला माहेरी काय म्हणायचे?" या एका प्रश्नावर अर्धा तास सहज निघतो.

टाइप करताना फोनवर जीबोर्डचा मराठी कळफलक वापरा. अक्षरं युनिकोडमध्येच राहतील हे पाहा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेले कुलवृत्तांत आज उघडले की नुसती चिन्हं दिसतात. जुनं छापील पान असेल तर त्याचा स्वच्छ फोटो गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर बराचसा वाचला जातो. जोडाक्षरं आणि गोत्रांची नावं मात्र मूळ पानाशी ताडून बघा. मोडी कागद असेल तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडेच न्यावा.

कुटुंब मोठं असेल तर शीट अपुरी पडते. मग 'ग्रॅम्प्स' हे मोफत वंशावळ सॉफ्टवेअर घ्या. त्यात नावं देवनागरीत भरता येतात, फोटो जोडता येतात, आणि सगळं 'गेडकॉम' या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतं, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी माहिती अडकत नाही. त्याच्या कॅलेंडरांच्या यादीत आपली तिथी नाही. मृत्यूच्या नोंदीला 'श्राद्धतिथी' असा स्वतःचा गुणधर्म जोडून तिथे 'भाद्रपद शुद्ध ५' असं लिहा.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळींत आपल्या पूर्वजांच्या सह्या असू शकतात. तिथे गेलात तर गाव आणि आडनाव सांगा, वहीतली ती ओळ वाचून घ्या आणि परवानगीने तिचा फोटो काढा. हरिद्वार आणि इतर काही तीर्थांच्या वह्यांची मायक्रोफिल्म फॅमिलीसर्च या संस्थेने केली आहे. पण त्या पानांवरचं हस्ताक्षर वाचायला चिकाटी लागते.

गुरुजी पडद्यावर असतील तर

२०२० च्या टाळेबंदीनंतर हे सर्रास झालं आणि परदेशात तर आता रुळलंय. आदल्या दिवशी गुरुजींबरोबर दहा मिनिटांची चाचणी घ्याच.

झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद होते. पिंडदान त्यात मावत नाही. गुगल मीटवर दोघंच असाल तर ही अडचण येत नाही, तीन किंवा जास्त जोडणी असतील तर तासाची मर्यादा आहे. म्हणून कोणाकडे पैसे भरलेलं खातं आहे ते आधी विचारून ठेवा. झूम वापरत असाल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. नाहीतर ते सॉफ्टवेअर घंटेला आणि एकसुरी मंत्राला गोंगाट समजून दाबतं, आणि तुम्हाला मंत्र तुटक ऐकू येतात.

जागेचा विचार करा. देवकार्याला तोंड पूर्वेला, पितृकार्याला दक्षिणेला. लॅपटॉप तुमच्या आग्नेयेला पाटावर ठेवला तर दोन्ही वेळा मान थोडी वळवून भागतं. दिशा फोनच्या होकायंत्राने पाहा, पण फोनचं लोहचुंबकाचं कव्हर काढून. कॅमेरा तोंडावर नको, ताम्हण आणि हात दिसतील असा खाली झुकवा. गुरुजींना तुमचे हातच बघायचे असतात.

सव्य-अपसव्याचा गोंधळ पडद्यावर हमखास होतो. गुरुजी समोर बसलेले असल्याने त्यांचा उजवा खांदा तुम्हाला डावीकडे दिसतो. शिवाय पडद्यावरच्या कोपऱ्यात तुमचं स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं असतं. त्यामुळे बघून नक्कल करू नका. अपसव्य म्हणाले की जानवं आपल्या उजव्या खांद्यावर, सव्य म्हणाले की डाव्या. तर्पणाचं पाणी उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं, त्याला पितृतीर्थ म्हणतात. हे दोन्ही आदल्या दिवशी एकदा करून पाहा.

हात ओले असतील आणि बोटांना तीळ चिकटलेले असतील. अशा हाताने लॅपटॉपला शिवू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तिथे बसवा, त्याने आवाज बघावा, म्यूट-अनम्यूट करावं. चार्जर जोडून ठेवा, पडदा आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका, फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर. नातेवाइकांना वेगळ्या फोनवरून जोडा आणि सगळ्यांना म्यूट करा, म्हणजे गुरुजींच्या ओळीत कोणाच्या कुकरची शिट्टी येणार नाही. गुरुजी मिळालेच नाहीत आणि ध्वनिमुद्रित मंत्रांवर तर्पण करायचं असेल, तर फाइल आधी उतरवून ठेवा. यूट्यूबवर मध्येच जाहिरात वाजू लागते, आणि त्या क्षणी ती फार टोचते.

सगळा विधी जमत नसेल तर सांकल्पिक (पिंडांशिवायचं) श्राद्ध, आमान्न (शिधा देणं), हिरण्य (दक्षिणा देणं) असे लहान पर्याय शास्त्रात आहेत. गुरुजींना मोकळेपणाने विचारा. गयेसाठी बिहारच्या पर्यटन महामंडळाची 'ई-पिंडदान' योजना आहे. आपण पैसे भरायचे आणि तिथे झालेल्या विधीची चित्रफीत बघायची. तिथल्या तीर्थपुरोहितांचा याला विरोध आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी. पण धडधाकट माणसाने घरच्या पाटावर स्वतःच्या हाताने तिलोदक द्यावं. अनोळखी संकेतस्थळावर यूपीआयने पैसे तर मुळीच पाठवू नका.

फोटो आणि आवाज

जुना फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवा आणि मूळ फाइल कधीच बदलू नका, दुरुस्ती नेहमी प्रतीवर. फोटो आपोआप रंगवणारी साधनं कुंकवाचा रंग चुकवतात, नथीतला मोती पुसून टाकतात, नऊवारीचा काठ भलताच करतात. रंगवलेला फोटो भिंतीवर लावायच्या आधी त्या माणसाला पाहिलेल्या कोणाला तरी दाखवा.

फोटोतल्या चेहऱ्याला हलवणारं, गेलेल्या माणसाच्या आवाजात नवीन वाक्यं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअरही आलंय. श्राद्धाच्या दिवशी ते घरात आणू नये असं मला ठामपणे वाटतं. आई जे कधी बोलली नाही ते तिच्या तोंडी घालणं हा तिचा मान नव्हे. तिचा खरा आवाज तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये आहे: "पोचलास का? जेवलास का?" त्या संभाषणात 'एक्सपोर्ट चॅट' करून फाइल मीडियासकट जपून ठेवा. आईच्या फोनवरचं संभाषणही तिचं सिम बंद करण्याआधी काढून घ्या. १२० दिवस वापर नसला तर व्हॉट्सॲप खातं पुसून टाकतं.

सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, एक प्रत ड्राइव्हवर, एक पेन ड्राइव्हमध्ये, आणि त्याचे पासवर्ड निदान दोन भावंडांकडे. नावांच्या शीटचा मोठ्या अक्षरात एक छापील कागद काढून पंचांगात ठेवा. संकल्पाच्या वेळी गुरुजींच्या हाती तोच द्यायचा. गुढीपाडव्याला नवं पंचांग घरात आलं की त्या वर्षाच्या तारखा त्याच्याशी ताडून पाहा आणि फरक निघाला तर कॅलेंडर त्याच दिवशी दुरुस्त करा.